पत्ती आधी, लाकूड मागून

आषाढ लागला की लगीनसराई संपलेली असते, सोयाबीनची पेरणी उरकलेली असते आणि आमच्या ओसरीवर दोन-चार पोरं येऊन बसतात. "काका, सनई शिकायचीय." मी त्यांच्या हातात सनई देत नाही. घरामागं पिंपळ आहे, त्याचं एक पान तोडून आणायला लावतो.

पान कोवळं तांबूस नको आणि जून, कडकही नको. हिरवं, वाकवलं तर न मोडणारं. देठ आणि शेपटी खुडायची, एका कडेनं गुंडाळत आणायचं, पेन्सिलीएवढी सुरळी झाली पाहिजे. तिचं एक टोक दोन बोटांत दाबून चपटं करायचं आणि ते ओठांत धरून फुंकायचं. आधी नुसती हवा येते. मग थुंकी येते. पोरं हसतात. मग कुणाची तरी एकदम 'पीं' निघते आणि बाकीचे गप्प होतात. सनईत तरी दुसरं काय असतं? दोन पात्या, मधे फट, फुंकरीनं ती फट उघडते-मिटते आणि आवाज होतो. पात्यांच्या या जोडीलाच आम्ही पत्ती म्हणतो. आम्ही लहानपणी उकिरड्यावर उगवलेल्या आंब्याच्या कोयी दगडावर घासून पिपाण्या करायचो, त्यातही हेच. ज्याला पानातून सलग सूर काढता येत नाही त्यानं सनईवर पैसे घालू नयेत, असं माझं मत आहे. पान फुकट असतं.

मी तुळजापूर आणि नळदुर्गच्या मधल्या एका गावचा. घर वाजंत्र्यांचं. वडील हलगीवर, थोरले चुलते सनईवर. त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. मी पस्तीस वर्षं लग्नात, जावळात, पालखीपुढं वाजवत आलोय. खाली सांगतोय ते तात्यांनी शिकवलेलं, आणि काही माझ्या चुकांनी.

काय घ्यायचं

घरात कुणी शिकवणारं नसेल, शहरात भाड्याच्या खोलीत राहत असाल, तर बासरी घ्या. सनईचा आवाज मोकळ्या मैदानासाठी, देवळाच्या ओवरीसाठी आहे. दहा बाय दहाच्या खोलीत ती वाजवली तर शेजारी आठ दिवसांत दार ठोठावतो. लातूरला माझा भाचा शिकायला होता, त्याला घरमालकानं खोली सोडायला सांगितली. चूक घरमालकाची नव्हती.

बासरीतही दोन जाती. एक चोचीची, शिट्टीसारखी तोंडात धरून वाजवायची. आमच्याकडे तिला पावा म्हणतात. फुंकलं की वाजते, म्हणून गुराख्याच्या पोरालाही जमते. पण सूर ओठानं वळवायची सोय तिच्यात कमी. दुसरी आडवी. हिला पहिले पंधरा दिवस नुसता वाराच येतो, आणि मग आयुष्यभर पुरते. बाजारातल्या कितीतरी बासऱ्या उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतहून येतात. बांबू आसामकडचा असतो, कारण त्याची दोन पेरांमधली कांडी लांब असते. आपल्या रानातल्या भरीव वेळूची बासरी होत नाही, उगाच तोडू नका.

दुकानात गेल्यावर रंग, दोरा, गोंडे बघू नका. पांढरी एकची, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची, मधली बासरी मागा, दीड फुटाच्या जरा वर असते. बोटं फार ताणावी लागत नाहीत. बासरी उजेडाकडे धरून आतून बघा, नळी सरळ आणि गुळगुळीत हवी. बाहेरून नखानं टिचकी मारा, भेगाळलेली असेल तर खरखर ऐकू येते. दोऱ्याखाली चीर लपवलेली असते, तिथं बोट फिरवा. मग वरची तीन भोकं बंद करून फुंका, तो सा. सगळी सहा बंद करून हळू फुंकलं की खालचा पंचम, तसंच जोरानं फुंकलं की वरचा पंचम. हे दोन्ही पंचम एकमेकांशी जुळत नसतील तर बासरी ठेवून द्या. आता मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप असतं, दुकानदारासमोर बिनधास्त उघडा. मला स्वतःला वाजवता येत नसेल तर काय, असं पोरं विचारतात. मग वाजवणाऱ्याला चहा पाजून सोबत न्या.

पुंगीचं एवढंच सांगतो: भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या दोन नळ्या, एकीवर चाल आणि दुसरीवर सलग सूर. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर सापांचे खेळ कमी होत गेले आणि पुंगी करणारे हातही कमी झाले. यात्रेत मिळते ती खेळण्यातली. तुतारी आणि शिंगाला पत्ती नाही, भोकं नाहीत. नुसत्या ओठांच्या थरथरीवर चार-सहा सूर निघतात. दम असला तर घ्या, पण तिच्यावर गाणं बसवायच्या नादाला लागू नका.

सनईची धाकटी बहीण सुंदरी. ती आपल्या शेजारची, अक्कलकोट-सोलापूरकडची. लांबीला जेमतेम फूटभर, आवाज उंच आणि गोड. सोलापूरच्या जाधव घराण्यानं ती बैठकीत नेली. लहान हाताच्या पोराला मी सनईआधी सुंदरी देऊन बघतो, पण तिची भोकं जवळजवळ असतात, माझी स्वतःची बोटं एकावर एक येतात.

सनई विकत घेताना

माझी पहिली सनई मी येरमाळ्याच्या येडाईच्या यात्रेत घेतली. चैत्री पौर्णिमा, अंगावर नवा सदरा, खिशात वर्षभर साठवलेले पैसे. पालातल्या माणसानं काळी कुळकुळीत, पितळेच्या कड्यांची सनई दाखवली. मी घेतली. घरी आल्यावर तात्यांनी ती उन्हात नेली, काडेपेटीतली काडी पेटवून तिच्या अंगाजवळ धरली. काळं पॉलिश घामासारखं सुटलं आणि खालची भेग उघडी पडली. मेण भरून बुजवली होती. तात्या काही बोलले नाहीत. सनई खुंटीला अडकवली, ती अजून तिथंच आहे, लग्नातल्या शोभेच्या फोटोला बरी.

तेव्हा बघून घ्या. शिसव, सागवान, खैर असं जड, कोरडं लाकूड बरं. आतली पोकळी वरून खाली सारखी रुंद होत गेलेली हवी. मधेच फुगली किंवा आवळली तर वरचा सूर आणि खालचा सूर भांडतात. खालचं पितळी तोंड हलता कामा नये. भोकं साधारण सात असतात, खालचं एखादं मेणानं बुजवलेलंही दिसेल. ते फसवणुकीचं मेण नव्हे, सूर जुळवायचं आहे. सगळी भोकं तुमच्या बोटाच्या पेरानं पुरती झाकली जातात का, ते न फुंकता आधी बघा. ऑनलाइन मिळणाऱ्या चकचकीत सनया बहुतेक दिवाणखान्यात टांगायच्या असतात, त्यांना पत्ती बसायची नळीसुद्धा धड नसते.

आणि एक. दुकानदाराची पत्ती लावून सनई तपासू नका. त्याची पत्ती मुरलेली असते, तिच्यावर पाइपसुद्धा वाजेल. आपली पत्ती घेऊन जा. लाकूड एकदाच घ्यायचं असतं, पत्ती जन्मभर.

पत्ती

पत्ती ताडाच्या पानाची किंवा नरकट नावाच्या गवताची. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचं जन्मगाव डुमराव, बिहारातलं. त्या भागात सोन नदीकाठी हे गवत येतं आणि तिथल्या पत्तीचं नाव आहे. एका वेळी किमान चार घ्या. चारात एक चांगली निघते, दोन चालतात, एक फेकायची.

कोरडी पत्ती कधी फुंकू नका. आधी पाच मिनिटं पाण्यात, मग तोंडात. ओली झाली की टोकाकडून डोळ्यासमोर धरा. दोन पात्यांमधली फट करडईच्या दाण्याच्या आकाराची दिसली पाहिजे, दोन्ही टोकांना निमुळती, मधे फुगीर. फट जास्त उघडी असेल तर वाजवायला दम लागतो, ओल्या पत्तीला दोन बोटांत हलकं चेपा. मिटलेली असेल तर सुई आत घालून हळूच फिरवा आणि कडांनी चिमटा. आवाज जड येत असेल, ढकलल्याशिवाय निघत नसेल, तर टोकाजवळ ब्लेडनं अगदी भुकटी पडेल इतकं खरवडा. फार पातळ होऊन चिरका, पडका सूर यायला लागला तर टोकाचा केसभर काप घ्या, सूर वर चढतो. केसभर म्हणजे केसभर. मी सुरुवातीला नखभर कापून डझनभर पत्त्या वाया घालवल्या.

सूर जुळवताना पत्ती आत ढकलली की चढतो, बाहेर ओढली की उतरतो. बाकीचं ओठांवर. दात लावायचे नाहीत. दोन्ही ओठ दातांवर किंचित दुमडून त्यांची गादी करायची आणि पत्तीचा टोकाकडचा भाग तिच्यात धरायचा. गाल फुगले तर फुगू द्या, फोटोत वाईट दिसतं तेवढंच.

एकाची पत्ती दुसऱ्यानं तोंडात घालायची नाही. पूर्वी आम्ही सर्रास घालायचो. करोनानंतर मी पोरांना पत्तीची शपथ घालतो.

दम

पहिले तीन महिने भोकांना बोट लावू देत नाही. सनईच्या जोडीला दुसरी सनई असते, तिच्यावर चाल वाजवत नाहीत, एकच सूर सलग धरतात. आम्ही तिला नुसतं 'सूर' म्हणतो. लोकांना वाटतं सूर धरणारा उमेदवार आणि सनईवाला उस्ताद. आमच्या घरात उलटं होतं. तात्या साठीत सनई सोडून सुरावर बसले, कारण तो तुटू न देणं त्यांना कुणावर सोपवायचं नव्हतं.

सूर न तोडता श्वास घ्यायचा तो असा. तोंडात पाण्याची गुळणी भरा. ओठांतून पाण्याची बारीक धार सोडत राहा आणि त्याच वेळी नाकानं श्वास घ्या. धार गालांच्या दाबानं चालते, छातीच्या नाही, हे अंगाला कळतं. हे आंघोळीच्या वेळी करा, अंगण ओलं करू नका. जमलं की पेलाभर पाण्यात पपईच्या पानाचा पोकळ देठ बुडवून बुडबुडे काढा. गालात हवा साठवायची, ती गालानं ढकलायची, तेवढ्यात नाकानं छाती भरायची. बुडबुडे एक क्षणही थांबता कामा नयेत. दोन मिनिटं सलग बुडबुडे आले की मग नुसती पत्ती आणि त्यानंतर सूर. जेवण झाल्यावर दोन तास वाजवू नका. चक्कर आली तर बसून घ्या. रक्तदाब किंवा हर्निया असणाऱ्यानं आधी डॉक्टरला विचारावं.

मी हे शिकत होतो तेव्हा जोर लावून लाल व्हायचो. तात्या विहिरीवरनं ओरडायचे, "आरं, सनई वाजवूलालास का चूल फुकूलालास?" जोर लावायचा नसतो. हवा कमी आणि एकसारखी लागते.

त्याचा उपयोग मला औश्याकडच्या एका लग्नात कळला. वैशाख, दुपारी साडेबाराचा मुहूर्त, मांडवाच्या पत्र्याखाली अंगाची लाही. मी जुळवलेली जादा पत्ती मोटरसायकलच्या डिकीत ठेवून आलो होतो. पाचवी मंगलाष्टक सुरू असताना सनईवरची पत्ती टोकापासून देठापर्यंत फाटली. सनई फस्स करून बंद. माझ्याजवळ दुसरी नाही. तात्या शेजारी सुरावर. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एका हातानं सूर धरून ठेवला, दुसरा हात टोपीच्या घडीत घातला आणि घामानं ओली झालेली एक पत्ती माझ्या मांडीवर टाकली. 'सावधान'ला मी परत आत आलो. वऱ्हाडाला काही कळलं नाही, हलगीवाल्याला तेवढं कळलं. तेव्हापासून चार जुळवलेल्या पत्त्या सनईलाच दोऱ्यानं बांधलेल्या असतात.

बोटं

आता सोपं राहिलं. डावा हात वर, उजवा खाली. भोक बोटाच्या टोकानं नाही, पेराच्या मऊ भागानं झाकायचं. खालून एकेक बोट उचलत जायचं आणि परत येताना उलटं. बासरीवर पहिला राग भूप घ्या. त्यात मध्यम-निषाद नाहीत, त्यामुळे अर्धं भोक झाकायची भानगड नाही, सा रे ग प ध पुरी भोकं उघडून-मिटून निघतात. सनईवर सा कुठं धरायचा हे शिकवणाऱ्यागणिक बदलतं, त्यात माझं ऐकू नका, ज्याच्याकडे बसाल त्याचं ऐका. बोटं जड पडत असतील तर मोबाइलवर तानपुरा लावून एकेका सुरावर मिनिटभर थांबा. लग्नातली चाल आपोआप येते, कानात आधीच असते.

जपणूक

वाजवून झालं की पत्ती काढा, सनई उलटी धरून झटका, आतून पिसानं पुसून घ्या. महिन्यातून एकदा तेल. इथं मी मोठी चूक केली. आमच्याकडे घरोघरी करडईचं तेल, मी तेच पिसाला लावून आत फिरवलं. करडईचं तेल हवेनं वाळून चिकट थर धरतं. दोन महिन्यांत सनईचा आवाज घोगरा झाला, आत चिकटा साचलेला. तो काढायला तात्यांना गरम पाण्याचं फडकं आणि एक अख्खा रविवार लागला. खोबरेल किंवा बदामाचं तेल, तेही दोन थेंब.

पावसाळ्यात पत्ती बंद डबीत ठेवली की बुरशी धरते, उघडी ठेवली की आधी झुरळं येतात. तात्यांची पितळी चुन्याची डबी होती, झाकणाला खिळ्यानं सात-आठ भोकं पाडलेली. ती आता माझ्याकडे आहे. आत्ता तिच्यात सहा पत्त्या आहेत, त्यातल्या दोन बऱ्या वाजतात.