विझलेल्या फटाक्याला हात लावू नका: फटाके उडवताना बोटं कशी वाचवायची

फटाका जमिनीवर ठेवायचा, उदबत्ती लांब धरायची, तोंड बाजूला करून वातीचं फक्त टोक पेटवायचं आणि लगेच मागे व्हायचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. वात लवकर पेटावी म्हणून कागद सोलून देणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, सोललेली वात भर्रकन जळते आणि हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. आणि हातात पेटवून फेकायचं तर नावच काढू नका. बंद मुठीत फुटला तर स्फोटाला बाहेर पडायला जागा नसते, सगळा जोर बोटांवर येतो.

आता खरा घोळ. न फुटलेला फटाका.

माझा हात भाजला तो इथेच. भुईनळा लावला, वात लाल झाली, थोडा धूर आला आणि विझली. मी दोनेक मिनिटं थांबलो, मग जाऊन उचलला, बुडाला बोटं लागली तर ते कोमट लागलं आणि हे काय असं मनात येईपर्यंत तो हातातच पेटला. अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी गेली, कितीतरी दिवस शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. वात बाहेरून काळी पडली तरी आत धुमसत असू शकते, दारू दमट असेल तर अजूनच हळू, त्यामुळे ‘विझला वाटतं’ याला काही अर्थ नाही.

म्हणून घड्याळ लावून 20 मिनिटं थांबा, तोपर्यंत कोणालाही जवळ जाऊ देऊ नका, विशेषतः मुलांना, ती फुसके फटाके गोळा करतात. मग लांबूनच बादलीभर पाणी ओता आणि भिजत राहू द्या. वाकून बघायचं नाही, पायाने ढकलायचं नाही, परत वात लावायची नाही. फुसक्यांची दारू काढून कागदावर पेटवायचा प्रकार तर अजिबात नको, ती एकदम भडकते आणि हात तिथेच असतो.

फुलबाजी साधी वाटते पण ती साधारण 1000 अंशांवर जळते, पाणी 100 ला उकळतं. हात लांब धरा, संपली की तार थेट पाण्यात.

भाजलंच तर अंगठी, बांगड्या आधी काढा, सूज आली की निघत नाहीत. 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात. बर्फ नको, टूथपेस्ट नको. बोट फाटलं असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा आणि सरळ हॉस्पिटल गाठा. तुकडा सुटला असेल तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा, तुकडा थेट बर्फात नाही.