यीस्टमध्ये आरएनआर शोधायला बसणाऱ्यांसाठी

पीएचडीला मला रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज मिळालं. लॅबमध्ये सगळे त्याला आरएनआरच म्हणतात. आरएनएच्या घटकांपासून डीएनएचे घटक बनवणारं हे एन्झाइम. डीएनए केंद्रकात, म्हणजे त्याचा कच्चा मालही तिथेच बनत असणार, असं बहुतेक नवे विद्यार्थी धरून चालतात. सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए या बेकरीच्या यीस्टमध्ये तसं नाही. आरएनआर1 हा एन्झाइमचा मोठा उपघटक पेशीद्रवात असतो. आरएनआर2 आणि आरएनआर4 ही लहान उपघटकांची जोडी जी1 अवस्थेत (डीएनएची प्रत बनण्याआधी) मुख्यतः केंद्रकात असते. डिफ1 हे प्रथिन तिला आत नेतं, डब्ल्यूटीएम1 हे दुसरं प्रथिन आत धरून ठेवतं. एस अवस्था (डीएनएची प्रत बनण्याची वेळ) लागली किंवा डीएनएला इजा झाली की जोडी बाहेर येते आणि पूर्ण एन्झाइम पेशीद्रवात जुळतं. तयार झालेले घटक इतके लहान असतात की ते केंद्रकछिद्रांतून सहज आत जातात.

त्यामुळे 'कुठे' विचारताना 'केव्हा' हेही विचारावं लागतं. साध्या वाढत्या कल्चरमध्ये काही पेशींचं केंद्रक लख्ख दिसेल, काहींत चमक सगळीकडे पसरलेली. स्टेनिंगला दोष देण्याआधी कळीचा (पेशीला फुटणाऱ्या नव्या पेशीचा) आकार बघा, त्यावरून पेशी कोणत्या अवस्थेत आहे ते कळतं. ठोस उत्तर हवं असेल तर अल्फा फॅक्टर या यीस्टच्या संप्रेरकाने पेशी जी1मध्ये थांबवा (मेटिंग टाइप ए असेल तरच), धुवा आणि ठरावीक अंतराने नमुने घ्या. हायड्रॉक्सियुरिया (आरएनआर अडवणारं रसायन) दिलेला नमुना शेजारी ठेवा, त्यात जोडी बाहेर दिसायला हवी.

खरा चकवा पुढे आहे. यीस्टचं केंद्रक पेशीच्या आकारमानाच्या साधारण 7 टक्के. तेवढ्यात दाटलेलं प्रथिन बाहेर पसरलं की चमक इतकी फिकी होते की ते नष्टच झालं असं वाटतं. म्हणून त्याच नमुन्यांचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन एकूण किती आहे ते दाखवणारी चाचणी) हवाच. एक्स्पोजर मध्येच बदलू नका, आणि टॅग (प्रथिन दिसावं म्हणून त्याला जोडलेली खूण) नसलेल्या स्ट्रेनचा फोटो घ्यायचा कंटाळा करू नका. टॅग लावल्यावर स्ट्रेन हायड्रॉक्सियुरियाच्या प्लेटवर मूळ स्ट्रेनइतकी वाढते का, हे मायक्रोस्कोपकडे जाण्याआधी तपासा. अर्धवट चालणाऱ्या प्रथिनाचा पत्ता शोधण्यात अर्थ नाही.

वाचताना पेपर कोणत्या यीस्टचा आहे तेही बघा. विभाजक यीस्टमध्ये (कळी न फुटता मधोमध दुभंगणारं वेगळं यीस्ट) मोठ्या उपघटकाला सीडीसी22 म्हणतात, लहान उपघटकाला एसयूसी22. तिथेही लहान उपघटक केंद्रकातून बाहेर येतो, पण त्याला आत ठेवण्यासाठी एसपीडी1 हे प्रथिन लागतं.