मानसोपचारातील नर्स प्रॅक्टिशनरची पदवी : फीचा हिशेब कसा मांडावा

महाराष्ट्रातून जीएनएम (परिचर्येचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून अमेरिकेत आलेल्या आणि एनसीएलएक्स-आरएन ही नोंदणीकृत परिचारिकेच्या (आरएन) लायसन्सची परीक्षा उत्तीर्ण होऊन वॉर्डात रुळलेल्या परिचारिका दोन-तीन वर्षांनी मला बहुधा एकच प्रश्न विचारतात : मानसोपचारातील नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः निदान-उपचार करणारी उच्चशिक्षित परिचारिका, व्हायचे असेल, तर सर्वांत स्वस्त कोर्स कोणता? मी न्यू जर्सीत याच वाटेने गेले आहे, आणि माझे उत्तर असे की प्रति क्रेडिट फीचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. प्रवेश घेतल्यापासून लायसन्स हाती येईपर्यंत एकूण किती पैसे आणि किती महिने जातील, तो हिशेब आधी मांडावा.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करते. येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात काम केलेल्या, इतकेच नव्हे तर मानसोपचार परिचर्येत एम.एस्सी. झालेल्या परिचारिकांनाही वाटते की आपल्याला थेट नर्स प्रॅक्टिशनरच्या प्रमाणन परीक्षेला बसता येईल. तसे होत नाही. नर्स प्रॅक्टिशनर येथे निदान करते आणि औषधे लिहून देते. त्यामुळे सीसीएनई, एसीईएन किंवा सीएनईए यांपैकी एका संस्थेची मान्यता असलेल्या अमेरिकी अभ्यासक्रमाची पदव्युत्तर पदवी किंवा पदव्युत्तर प्रमाणपत्र लागते. मान्यता नसलेली पदवी कितीही स्वस्त असली, तरी तिच्यावर खर्चलेला प्रत्येक डॉलर वाया जातो. डीएनपी ही डॉक्टरेट मात्र सक्तीची नाही. 2015 पर्यंत सर्वांना ती लागावी अशी शिफारस 2004 मध्ये झाली होती, पण आजही एमएसएन या परिचर्येतील पदव्युत्तर पदवीवर परीक्षा देता येते आणि लायसन्स मिळते. पैशांची ओढाताण असेल, तर एमएसएन करून कामाला लागावे.

जीएनएम झालेल्यांना आधी आरएन-टू-बीएसएन (परिचर्येतील पदवीपर्यंत नेणारा) किंवा थेट एमएसएनपर्यंत नेणारा ब्रिज कोर्स करावा लागतो. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी दर सहा महिन्यांची ठरावीक फी असते. जी भराभर विषय संपवील तिला ती स्वस्त पडते, आणि जिच्या घरी तान्हे मूल आहे तिला तितकी पडत नाही.

खरा खर्च लपलेला असतो तो क्लिनिकल तासांत, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम करून शिकण्याच्या तासांत. पूर्वी किमान 500 तास पुरत. 2022 च्या राष्ट्रीय मानकांनी ही मर्यादा 750 वर नेली. हे तास प्रिसेप्टरच्या, म्हणजे आधीपासून प्रॅक्टिस करणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरच्या किंवा मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली पूर्ण करावे लागतात. काही विद्यापीठे प्रिसेप्टर मिळवून देतात, तर काही ती जबाबदारी विद्यार्थिनीवर टाकतात. मी कमी फी पाहून दुसऱ्या प्रकारच्या एका ऑनलाइन कोर्सला प्रवेश घेतला होता. क्लिनिकल सत्र तोंडावर आले तेव्हा मी रात्रपाळी करून सकाळी दवाखान्यांना फोन करत असे. मुलांबरोबर काम करणारा प्रिसेप्टर तर मिळेचना, आणि एक पूर्ण सत्र हातचे गेले. प्रिसेप्टर गाठून देणाऱ्या खाजगी एजन्सी आहेत, पण त्या तासांच्या हिशेबाने पैसे घेतात आणि ती रक्कम विद्यापीठाच्या फीच्या तक्त्यात कोठेच नसते. म्हणून प्रवेश कचेरीला लेखी विचारावे : प्रिसेप्टर कोण शोधणार, आणि तो वेळेत मिळाला नाही तर सत्राच्या फीचे काय होणार? उत्तर गोलमाल आले, तर तो कोर्स महाग आहे असे समजावे.

ऑनलाइन विद्यापीठाला तुमच्या राज्यात विद्यार्थी घेण्याची आणि क्लिनिकल घडवून आणण्याची परवानगी आहे का, हेही तपासावे. आपल्याकडे पतीची किंवा पत्नीची एच-1बी व्हिसावरील नोकरी बदलली की बिऱ्हाड न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियात हलते. आणि राज्याराज्यांतील दूरशिक्षणाच्या करारात कॅलिफोर्निया नाही. अशी शक्यता असेल, तर पुढच्या राज्याचे नियम आताच वाचावेत. अनेक राज्यांत चालणारे आरएनचे कॉम्पॅक्ट लायसन्स नर्स प्रॅक्टिशनरच्या कामाला लागू होत नाही. टेक्सासमध्ये तर औषधे लिहिण्यासाठी डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो.

आता पैशांच्या वाटा. स्वतःच्या राज्यातील सरकारी विद्यापीठ सर्वांत आधी पाहावे, कारण रहिवाशांची फी बरीच कमी असते. त्यासाठी बहुतेक ठिकाणी वर्षभराचे वास्तव्य लागते. (न्यू जर्सीकरांच्या दाराशी रटगर्स आहे, जेथे हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी 1950 च्या दशकात मानसोपचार परिचर्येच्या पदव्युत्तर शिक्षणाचा पाया घातला.) रुग्णालयात नोकरी असेल, तर मालकाकडून शिक्षणासाठी मिळणारे वर्षाला 5,250 डॉलर करमुक्त असतात, मात्र त्या बदल्यात किती वर्षे तेथेच राहावे लागेल, तो कलम नीट वाचावा. सरकारी शैक्षणिक कर्ज ग्रीन कार्डधारकांना मिळते, एच-4 वरील, म्हणजे एच-1बीधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावरील, व्यक्तींना मिळत नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळणारे नेहमीचे सरकारी कर्ज वर्षाला 20,500 डॉलरपर्यंत असते, आणि वरची तूट भरून काढणारे ग्रॅड प्लस कर्ज 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना बंद झाले आहे. ग्रीन कार्ड असलेल्यांना नर्स कोअर या सरकारी योजनेतही अर्ज करता येतो : निवड झाल्यास परिचारिकांची टंचाई असलेल्या ठिकाणी दोन वर्षे काम केल्यावर शिक्षणाच्या कर्जाचा 60 टक्के भाग फेडला जातो.

कागदपत्रांना मात्र उशीर करू नये. भारतातील पदवीचे विषयवार मूल्यांकन बहुतेक विद्यापीठे मागतात, आणि त्यासाठी गुणपत्रके तुमच्या हातून न जाता भारतातील संस्थेकडून थेट मूल्यांकन संस्थेकडे जावी लागतात. पुढच्या सुट्टीत घरी जाणार असाल, तर आपले कॉलेज, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल या तिन्ही ठिकाणची कामे त्याच फेरीत उरकावीत, आणि राहिलेल्या पाठपुराव्यासाठी भावाच्या किंवा बहिणीच्या नावाने अधिकारपत्र देऊन यावे.