आपल्या भागातल्या गीतकाराचं विकिपीडिया पान कसं सुधारायचं

गदिमा (ग. दि. माडगूळकर), अण्णा भाऊ साठे, पी. सावळाराम, तिघंही सांगली जिल्ह्यातल्या गावांचे, आणि सातारकर म्हणतात आमचेच, तर ते पण खोटं नाही, त्याचं खाली सांगतो. अशा माणसांची मराठी विकिपीडियावरची पानं सुधारायची तर पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा आपण जास्त करू शकतो असं मला मनापासून वाटतं, कारण लागणारं साहित्य आपल्याच भागातल्या वाचनालयांत पडलंय.

आधी खातं उघडा. खात्याशिवाय पण संपादन होतं, पण खातं असलं की लोक तुमच्याशी बोलू शकतात आणि पहारायादी मिळते, म्हणजे त्या पानावर कुणी काही बदललं की तुम्हाला दिसतं. बटणं दाबून बघायची असतील तर धूळपाटी म्हणजे सरावाचं पान आहे, तिथं काहीही बिघडत नाही. हात बसला की पानावर जा, पण पूर्ण चरित्र नव्यानं लिहायला घेऊ नका, एकच वाक्य धरा ज्याच्यापुढं संदर्भ नाही, आणि त्याला संदर्भ शोधा. निम्म्याहून जास्त काम हेच आहे.

संदर्भ म्हणजे काय तर छापलेलं, कुणीतरी जबाबदारीनं तपासलेलं. पहिलं ठिकाण मराठी विश्वकोश, त्याचं काम वाईतनंच चालत आलंय आणि खंड ऑनलाइन फुकट वाचता येतात. मग चरित्रग्रंथ, गौरवग्रंथ, जुने दिवाळी अंक, वर्तमानपत्रातले लेख. तालुक्याच्या वाचनालयात गेलात की पुस्तकाच्या नावाच्या पानाचा, प्रकाशक-वर्ष असलेल्या पानाचा आणि हव्या त्या पानाचा असे फोटो मोबाईलवर काढून ठेवा, कारण घरी आल्यावर पान नंबर आठवत नाही आणि पान नंबर नसलेला संदर्भ दुसऱ्याला तपासता येत नाही. जुनी पुस्तकं तर लवकर नोंदवलेलीच बरी, २०१९ च्या महापुरात सांगलीत वाचनालयांची किती पुस्तकं पाण्यात गेली ते आपण बघितलंय. आणि एक सांभाळा, वेबसाईटवर माहिती सापडली तर ती विकिपीडियावरनंच उचललेली आहे का ते बघा, नाहीतर विकिपीडियाला विकिपीडियाचाच पुरावा दिल्यासारखं होतं. व्हॉट्सॲपवर जयंतीला फिरणारा मजकूर तर अजिबात नको.

आता जन्मगावाचं, कारण सगळ्यात जास्त ओढाताण इथंच होते. गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९, शेटफळे, आज आटपाडी तालुका, सांगली जिल्हा. पण १९१९ ला सांगली जिल्हाच नव्हता! आटपाडी औंध संस्थानात होती, आणि अण्णा भाऊंचं वाटेगाव ज्या वाळवा तालुक्यात आहे तो तेव्हा सातारा जिल्ह्यात. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळं एकजण सातारा लिहितो, दुसरा खोडून सांगली करतो, तिसरा परत सातारा, आणि तिघंही आपापल्या परीनं बरोबर. मी म्हणतो सरळ असं लिहा, ‘वाटेगाव, तत्कालीन सातारा जिल्हा (सध्या ता. वाळवा, जि. सांगली)’, पुढं संदर्भ टाका, विषय मिटतो. गदिमांच्या बाबतीत अजून एक, आडनावावरनं लोक जन्मगाव माडगुळे टाकतात, ते घराण्याचं गाव, जन्म शेटफळ्याचा.

गाण्यांच्या यादीत पण असाच घोळ असतो. आपल्याला गाणं गायकाच्या नावानं आठवतं, पण गीतकाराच्या पानावर ते टाकायचं तर शब्द कुणाचे हे श्रेयनामावलीत किंवा रेकॉर्डच्या कव्हरवर बघूनच टाका. चित्रपटात माणसाचं नाव आहे म्हणजे गाणी त्याचीच असं होत नाही. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ची कथा गदिमांची, पण गाणी भरत व्यास यांची. गीत-संगीत-गायक असे तीन वेगळे रकाने करा, वर्ष टाका. गदिमांच्या गीतरामायणासाठी ‘खूप गाजलं’ लिहिण्यापेक्षा १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरनं प्रसारित, ५६ गीतं, संगीत सुधीर फडके, एवढं लिहिलं की वाचणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागतं. अण्णा भाऊंच्या कादंबऱ्यांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा मिळतो, तिथं एक आकडा रेटू नका, कुठल्या ग्रंथात किती दिलाय ते नोंदवा.

विशेषणं काढायला जीवावर येतं, मला पण येतं, कारण ही माणसं आपल्या काळजातली आहेत. पण ‘थोर’, ‘अजरामर’, ‘महान’ हे ज्ञानकोशात चालत नाही. गदिमांना ‘आधुनिक वाल्मीकी’ म्हणतात ना, मग कुणी, कुठं म्हटलं ते संदर्भासह लिहा. अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’ कादंबरीला १९६१ चा राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला हे एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगतं.

पूर्ण गाणं पानावर टाकायचं नाही, कितीही वाटलं तरी. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, गदिमा १९७७ ला गेले म्हणजे २०३७ संपेपर्यंत थांबायचं. एखादी ओळ चर्चेपुरती चालते. नेटवरनं उचललेला फोटो पण नको, तो काढला जाणारच.

गीतकार हयात असेल तर अजून जपून. घरचा पत्ता, फोन, भांडणं, ऐकीव गोष्टी काही नको. आणि तुम्ही त्यांच्या नात्यातले असाल तर स्वतः बदल करण्याऐवजी त्या लेखाच्या चर्चा पानावर तसं सांगून संदर्भ द्या, दुसरा कुणीतरी टाकेल.

जतन करण्याआधी झलक बघा, आणि आढाव्याच्या चौकटीत काय बदललं ते लिहा, ‘जन्मस्थळाला संदर्भ दिला’ एवढं पुरे. कुणी तुमचा बदल उलटवला तर लगेच परत टाकू नका, चर्चा पानावर पुस्तकाचं नाव-पान देऊन विचारा आणि शेवटी सही करा. एक-दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, विचारा.

पान पहारायादीत ठेवाच, आणि १ ऑगस्ट (अण्णा भाऊ), १ ऑक्टोबर (गदिमा) या दोन जयंत्यांना पानाचा इतिहास, म्हणजे झालेल्या बदलांची यादी, उघडून बघा, कारण त्या दिवशी बरीच नवीन मंडळी उत्साहानं लिहायला येतात. त्यांचं बिनसंदर्भाचं काढावं लागलं तर कारण लिहून काढा आणि त्यांच्या चर्चा पानावर जाऊन संदर्भ कसा जोडायचा ते सांगा.