जपानी कराओके: पहिलं गाणं निवडताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की तोक्योतल्या आपल्या मराठी मुलांचे मेसेज सुरू होतात. ‘दादा, ऑफिसची बोनेनकाई आहे, एखादं सोपं जपानी गाणं सांगा ना.’ बोनेनकाई म्हणजे सरत्या वर्षाला निरोप द्यायची पार्टी. जेवण उरकलं की मंडळी निजिकाईला, म्हणजे दुसऱ्या फेरीला निघतात. ती फेरी बहुतेकदा कराओकेच्या खोलीत होते आणि माइक फिरत फिरत आपल्या हातात येतोच. मी गाणं सुचवतो, पण तोवर मुलाने स्वतःच एक ठरवलेलं असतं. ते बहुधा चुकीचं असतं आणि चुकाही दरवर्षी त्याच असतात.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘हळू गाणं ते सोपं गाणं’.

काही वर्षांपूर्वी एका धाकट्या सहकाऱ्याने ‘कोनायुकी’ निवडलं. रेमिओरोमेन या बँडचं हे २००५ सालचं गाणं. एका गाजलेल्या टीव्ही मालिकेत ते वाजायचं, त्यामुळे त्या वयाच्या जवळजवळ प्रत्येक जपानी माणसाला ते माहीत आहे. मी म्हटलं, ‘हे नको रे.’ तो म्हणाला, ‘दादा, संथ आहे, शब्दही पाठ झालेत. जमेल.’ सुरुवात खरंच छान झाली. कडव्याची चाल खालच्या स्वरांत, जवळजवळ बोलल्यासारखी आहे. साहेब मान डोलावत होते, कोणीतरी डफली हातात घेतली. मग साबी, म्हणजे गाण्याचा सगळ्यांच्या तोंडी असलेला, वर चढणारा भाग, आली. ‘कोनायुकी’ या शब्दावर चाल एकदम उसळी मारते आणि तिथेच वर राहते. त्याचा आवाज पहिल्याच अक्षरावर चिरकला. पुढच्या ओळीला तो घाबरून एक सप्तक खाली उतरला, तिथे सूर सापडेना, म्हणून परत वर गेला. गळ्याच्या शिरा फुगलेल्या मला समोरून दिसत होत्या. आणि ती साबी गाण्यात पुन्हा पुन्हा येते! कोणीही हसलं नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्यानंतर वर्षभर त्या मुलाने माइकला हात लावला नाही. चांगला गळा होता त्याचा. नुसत्या निवडीपायी गप्प बसला, याचं मला आजही वाईट वाटतं.

असं का होतं ते समजून घ्या. आपल्या भावगीतात मुखडा आधी येतो, त्यामुळे गाणं कशाशी खातात ते पहिल्या ओळीतच कळतं. जपानी पॉपमध्ये आधी ए-मेलो, म्हणजे कडवं, मग बी-मेलो, म्हणजे साबीकडे नेणारा भाग, आणि त्यानंतर साबी येते. ए-मेलो गुणगुणून ‘जमतंय’ म्हणणं म्हणजे पायथ्याशी उभं राहून गड सर झाला म्हणणं. शिवाय बऱ्याच गाण्यांत शेवटच्या साबीला पट्टीच अर्ध्या किंवा एका स्वराने वर जाते.

माझी सवय सांगतो. नवीन गाणं मी शेवटून ऐकतो. शेवटची साबी लावायची, खुर्चीत बसूनच, तोंड मिटून गुणगुणायची. हनुवटी वर उचलली गेली, की ते गाणं त्या पट्टीत आपलं नाही. हे मी सकाळी, गळा तापलेला नसताना करतो, कारण पार्टीत तासभर बसून अचानक माइक हाती येतो तेव्हा गळा तसाच थंड असतो.

आता दुसरी चूक, जिच्यावरून माझे मुलांशी खरोखर वाद होतात: पट्टी न बदलणं. कराओकेच्या रिमोटवर ‘की’ची बटणं असतात. एक टप्पा म्हणजे अर्धा स्वर, पेटीवरची शेजारची पट्टी, काळी असो वा पांढरी. बाजा-पेटीच्या घरात वाढलेली मुलंसुद्धा म्हणतात, ‘मूळ पट्टीतच गाणार, नाहीतर फसवल्यासारखं वाटतं.’ अरे, आपल्याकडे गवई बसला की तंबोरा त्याच्या गळ्याप्रमाणे लागतो. कुणाची काळी एक, कुणाची पांढरी चार. त्यात फसवणूक कसली? जपानी लोकही बिनदिक्कत पट्टी उतरवतात, कोणी नावं ठेवत नाही.

अलीकडच्या गाजलेल्या पुरुष गायकांची गाणी तर फार उंच आहेत. ऑफिशियल हिगे डँडिझम या बँडचं ‘प्रिटेंडर’ (२०१९) ऐकताना गोड वाटतं, पण गायला लागलं की दम निघतो. किंग न्यू बँडचं ‘हाकुजित्सु’ (२०१९) सुरूच होतं उरागोएत, म्हणजे खोट्या आवाजात. न शिकलेल्या पुरुषाचा गळा साधारणपणे पियानोच्या मधल्या ‘सी’च्या वरच्या ‘जी’पर्यंत ओढूनताणून जातो. आपल्या भाषेत त्या सप्तकातली पांढरी पाच. जपानी कराओकेवाले तिला ‘मिड टू जी’ म्हणतात. साबी त्याच्याही वर बसली असेल तर पट्टी तीन-चार टप्पे उतरवा. सातत्याने तीन खाली गाणारा माणूस मला मूळ पट्टीत किंचाळणाऱ्यापेक्षा कितीतरी पटीने आवडतो. मात्र फार उतरवलं तर कडवं खर्जात बुडतं, तेव्हा खालची बाजूही गाऊन बघा.

बायकांनी गायलेलं गाणं पुरुषाने घेतलं तर एक सप्तक खाली गावं लागतं आणि मग पट्टी उलट वर न्यावी लागते. पहिल्या गाण्याला हा खटाटोप नको.

रॅप असलेली गाणी नकोत. स्पिट्झ या बँडची गाणी साधी वाटतात, पण त्या गायकाचा आवाज मुळातच उंच आहे. उतरवल्याशिवाय घेऊ नका. चारचौघांत यंत्राचं गुणांकन बंद ठेवायला सांगा, एको, म्हणजे आवाजाचा घुमारा, कमी ठेवा.

उच्चाराची एक चूक मात्र आपली खास आहे. पडद्यावर कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, आणि तिच्यावर उच्चार दाखवणारी बारीक हिरागाना लिपी येते, म्हणून मुलं शब्द रोमन लिपीत लिहून पाठ करतात. तिथे मात्रा हरवतात. जपानीत ‘न्’ला स्वतःची मात्रा असते. ‘सेन्सेई’ आपण दोन ठोक्यांत उरकतो. गाण्यात ते से-न्-से-इ असे चार ठोके घेतं. आपण ‘न्’ अनुस्वारासारखा मागच्या अक्षरात गिळला की शब्द संपतो आणि चाल पुढे चालूच राहते. म्हणून शब्द देवनागरीत लिहा, दर मात्रेला एक खूण करा आणि बोटावर मोजत म्हणा. मात्रावृत्त म्हणणाऱ्याला हे काही नवीन नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, पण नवख्यांना तेवढाही धीर नसतो. आदल्या रात्री गाणं शोधायचं आणि दुसऱ्या दिवशी गायचं, असं होत नाही.

मग गावं काय? माझं पहिलं नाव कायम ‘उए ओ मुइते आरुको’. एई रोकुसुकेंचे शब्द, नाकामुरा हाचिदाईंची चाल आणि साकामोतो क्यूंचा आवाज. १९६१ सालचं हे गाणं १९६३ मध्ये अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. मुख्य चाल भूपाच्या स्वरांच्या इतकी जवळ आहे की आपल्या कानाला ती परकी वाटतच नाही. साहेबांपासून नव्या मुलीपर्यंत सगळे सोबत गातात. फक्त साकामोतोंचा श्वास तोडत, अक्षरं हलवत गाण्याचा ढंग उचलू नका, सरळ गा.

दुसरं, ‘सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना’. २००३ मध्ये स्मॅप या गटाच्या पाच जणांनी मिळून गायलेलं. पाच गळ्यांना एकत्र पेलेल एवढ्याच बेतात चाल फिरते. आवाज जाड असेल तर फुकुयामा मासाहारूंचं ‘साकुराझाका’ (२०००) घ्या, त्यांचा आवाज खालच्या अंगाचा आहे. ओकिनावाच्या मोंगोल ८०० या बँडचं ‘चिइसाना कोइ नो उता’ (२००१) सगळे ओरडून साथ देणार असतील तरच, कारण त्याची साबी वरच्या स्वरांवर सतत येत राहते आणि एकट्याचा घसा बसतो.

तयारीला हितोकारा, म्हणजे एकट्याने जायचं कराओके, उत्तम. कामाच्या दिवशी दुपारी स्वस्त पडतं. तिथे गुणांकन जरूर लावा, सूर कुठे खाली बसतो ते पडद्यावरच्या पट्ट्यांत दिसतं. तेच गाणं शून्य, उणे दोन, उणे चार असं तीनदा गाऊन फोनवर रेकॉर्ड करा आणि घरी जाताना ट्रेनमध्ये ऐका. जो आकडा बरा वाटेल तो फोनमध्ये गाण्याच्या नावापुढे लिहून ठेवा. पार्टीच्या रात्री गाणं रांगेत लावतानाच तो आकडा टाका. संगीत सुरू झाल्यावर एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात रिमोट धरून बटण शोधत बसलं, की पहिली ओळ हुकते.