जर्मनीत उन्हाळी संशोधन: प्राध्यापकांचं पत्र कसं मिळवायचं

पुढच्या मे महिन्यात जर्मनीतल्या प्रयोगशाळेत काम करायचं असेल, तर गणपतीत कामाला लागा. दिवाळीपर्यंत थांबू नका. डाड (DAAD) या जर्मन संस्थेची, विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठीची 'वाइज' (WISE) शिष्यवृत्ती मिळाली की दोन-तीन महिने तिकडे राहता येतं. आपलं कॉलेज त्यांच्या यादीत आहे का, ते आधी बघा.

सीव्ही एका पानात, गुणपत्रिका स्कॅन. पुढे चला.

खरी गोची पत्राची. अर्जासोबत तिथल्या प्राध्यापकांचं निमंत्रणपत्र लागतं आणि ते आपणच मिळवायचं असतं. "शंभर मेल टाक, एखादा लागतोच," असं सीनियर सांगतील. ऐकू नका. मी तिसऱ्या वर्षाला एका रात्रीत ऐंशी टाकले, नुसती नावं बदलून. एकात नाव बदलायचं राहिलं. उत्तर आलं: "ते मी नव्हे, पण ते आमच्याच मजल्यावर बसतात."

पुढच्या खेपेला अकराच लिहिले. तिघांनी उत्तर दिलं, एकांनी पत्र.

एका प्राध्यापकासाठी एक अख्खी संध्याकाळ द्या. त्यांचा ताजा पेपर, म्हणजे शोधनिबंध, काढा, निदान आकृत्या आणि शेवटचा भाग वाचा. मेलमध्ये आधी तुम्ही कोण आणि कोणत्या तारखांना मोकळे, ते. मग पेपरमध्ये तुम्ही नेमके कुठे अडलात ते: तिसऱ्या आकृतीतला आलेख शेवटी का वाकतो, असं काहीतरी. "तुमचं काम प्रेरणादायी आहे" हे वाक्य सरळ खोडा. "पायथन येतं" हेही नको. सेन्सरच्या आकड्यांतला गोंगाट काढणारा प्रोग्रॅम लिहिला असेल तर त्याची लिंक द्या. आणि खर्चासाठी शिष्यवृत्तीला अर्ज करतोय, तुमच्याकडून फक्त पत्र हवंय, हे स्पष्ट लिहा. नाहीतर पैसे मागतोय असं वाटून मेल बाजूला पडतो.

'रिस्पेक्टेड सर' कशाला? समोर बाई असल्या तर? 'डिअर प्रोफेसर' आणि पुढे आडनाव, बस्स.

मेल मंगळवारी दुपारी साडेबाराला पाठवा, तिथे सकाळचे नऊ झालेले असतात. ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं मागे गेली की दीडला. दहा दिवसांनी आठवण करा, एकदाच.

पत्र आलं की लेटरहेड, तारखा आणि सही तपासा. माझ्या पत्रावर सहीच नव्हती. अर्जाच्या आदल्या रात्री दिसलं.

अर्ज भरणं तासाभराचं काम. व्हिसाची अपॉइंटमेंट मात्र निवड कळेल त्याच दिवशी घ्या, पेढे संध्याकाळी वाटा.