नाशिकमध्ये बसून ग्राफिन ताणायचं तर

सातपूर-अंबडला ट्रेनिंग केलेल्या मेकॅनिकलच्या मुलांना एक काम अंगवळणी पडलेलं असतं: नमुना यूटीएममध्ये, म्हणजे ताण-चाचणीच्या मशीनमध्ये, लावायचा, तुटेपर्यंत खेचायचा, आलेख वाचायचा. ग्राफिनच्या, म्हणजे कार्बन अणूंच्या एकाच थराच्या पत्र्याच्या, संशोधनाकडे वळताना हीच सवय कामी येते. अडचण एवढीच, की नमुना एका अणूच्या जाडीचा आणि तो धरतील असे जबडे कुठल्याच मशीनला नाहीत.

म्हणून २००८ साली कोलंबिया विद्यापीठात बारीक खळग्यांवर पसरलेल्या ग्राफिनमध्ये एएफएम या सूक्ष्मदर्शकाचं अणकुचीदार टोक दाबून मोजणी झाली. यंग्ज मॉड्युलस (ताणाला होणारा विरोध, म्हणजे ताठरपणा) सुमारे १ टेरापास्कल, ताकद १३० गिगापास्कल. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पीएचडीच्या मुलाखतीत मात्र विचारतात, जाडी किती धरली? प्रत्यक्ष मोजला तो जाडी न धरता पत्र्याचा ताठरपणा, ३४० न्यूटन प्रति मीटरच्या आसपास. ग्राफाइटच्या दोन थरांमधलं ०.३३५ नॅनोमीटर अंतर जाडी म्हणून घेऊन भागलं, तेव्हा टेरापास्कल आलं. दुसरा हमखास प्रश्न ताकद आणि टफनेस (चीर पसरायला होणारा विरोध) यांमधल्या फरकाचा. आधीच चीर असलेलं ग्राफिन ठिसूळपणे तुटतं. २०१४ मध्ये मोजलेला फ्रॅक्चर टफनेस जेमतेम ४ मेगापास्कल रूट मीटर होता. ‘पोलादापेक्षा दोनशेपट मजबूत’ म्हणणारे हे सहसा सांगत नाहीत.

कॉलेजात एएफएम नाही म्हणून थांबू नका. लॅम्प्स हे अणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि काही हजार अणूंचा पत्रा साध्या लॅपटॉपवरही ताणता येतो. एअरेबो पोटेन्शियल (अणूंमधल्या बलांचं गणिती सूत्र) वापरलंत तर कटऑफ, म्हणजे बंधाचं बल कुठल्या अंतरापासून कमी करत शून्यावर न्यायचं ती मर्यादा, आधी बघा. मूळ फाइलमध्ये कार्बन-कार्बनसाठी तो १.७ आंगस्ट्रॉमपासून (०.१७ नॅनोमीटर) सुरू होतो, त्यामुळे बंध ताणले गेले की स्ट्रेस उगाच वर उसळतो. तो १.९२ ते २ दरम्यान नेतात. उसळलेला आलेख बघून ‘नवं स्ट्रेन हार्डनिंग (ताणल्यावर आणखी कडक होणं) सापडलं’ म्हणणारे दरवर्षी भेटतात!

प्रयोगच करायचे असतील तर इपॉक्सीत नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) मिसळण्यापासून सुरुवात परवडते. पण ट्यूबच्या गुठळ्या राहिल्या तर ताकद वाढायच्या ऐवजी घटते, आणि सगळा वेळ त्या फोडण्यातच जातो. रामनसारख्या (प्रकाश टाकून पदार्थ ओळखायच्या) चाचण्या आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात शुल्क भरून होतात.

प्राध्यापकांना मेल करताना ‘मला नॅनोत रस आहे’ एवढंच लिहू नका. स्वतः काढलेला एक आलेख जोडा आणि खाली पोटेन्शियल, तापमान, स्ट्रेन रेट (ताणण्याचा वेग) लिहा.